झाकणापासून सुरुवात करणाऱ्या मूर्खांची स्तुती

जुनी डिझेल गाडी घाटात गरम होऊ लागली, काटा लाल रेघेकडे सरकू लागला, की गाडीतल्या आणि गाडीभोवतीच्या माणसांचे सरळ दोन गट पडतात. एक शहाण्यांचा, दुसरा मूर्खांचा. शहाणे संख्येने जास्त असतात आणि त्यांचं कौतुक करणारेही पुष्कळ असतात. मूर्खांच्या वाट्याला मात्र चांगला शब्द क्वचित येतो. तो सविस्तर आणि मनापासून द्यावा, यासाठी हा लेख.

शहाण्याला गाडी न बघता रोग कळतो. बॉनेट उघडायच्या आधीच 'हेड गॅसकेट गेलं' असं सांगून तो मोकळा होतो, कारण त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचं तेच झालेलं असतं. मूर्खाला आधीपासून काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो बघतो. त्याच्या मूर्खपणाचं सार एवढंच. आणि गरम होणाऱ्या जुन्या गाडीला याहून मोठी बुद्धी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाचा वेगळा समाचार घेतला. गॅरेजात हा भेद फार कामाला येतो, कारण तिथे पढतमूर्ख शहाण्यांत मोडतो. मी ज्याची बाजू घेतो आहे तो साधा मूर्ख. सोप्या गोष्टींवर अडून बसणारा, चार लोक हसले तरी रेडिएटरचं झाकण उलटं करून त्याचं रबर निरखणारा.

त्याचा पहिला मूर्खपणा म्हणजे त्याने गाडी विकलेली नसते. १९९४ साली सुमो आली, टाटांच्या सुमंत मूळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन. १९९८ साली सफारी, २००० साली बोलेरो आणि क्वालिस, २००२ साली स्कॉर्पिओ. यांतल्या कितीतरी गाड्या अजून वडापला आहेत, वऱ्हाडं नेतात, आषाढीला पंढरपूर गाठतात, बाजाराच्या दिवशी शेळीसकट माणसं भरून घेतात. शहाणे लोक दर पाच वर्षांनी गाडी बदलतात आणि ते त्यांना परवडतं. पण ज्या कुटुंबाचं पोट गाडीवर आहे, त्याच्यासाठी जुन्या इंजिनाचं आयुष्य पाच वर्षांनी वाढणं म्हणजे पोरांचं शिक्षण पार पडणं. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

दुसरा मूर्खपणा थांबण्याचा. काटा नेहमीच्या जागेवरून वर चढायला लागला की मूर्ख एसी बंद करतो, खिडक्या उघडतो आणि भर उन्हात हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा पंखा सुसाट सोडतो. मागे बसलेली माणसं त्याला वेड्यात काढतात. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे. इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते आणि पुढच्या सपाट जागेपर्यंत पोचायला तेवढी सवलत पुरते. तरीही काटा चढत राहिला, तर मूर्ख गाडी कडेला घेतो. लाल रेघेला टेकला किंवा वाफ दिसली, तर इंजिन बंद करतो. शहाणा म्हणतो, 'दोनच वळणं राहिलीत, वर पोचलो की थांबू.' त्या दोन वळणांत काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मर्यादेबाहेर तापलं की हेड वाकतं, मधलं गॅसकेट पिळलं जातं, आणि शेकड्यांतला खर्च हजारांत जातो. बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून नाणं टाकायची रीत आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आठवण. तिथे थांबणाऱ्या भाविकाची नजर काट्यावरही जाते. न थांबता पुढे निघालेल्या शहाण्याला ही संधी मिळत नाही.

कधीकधी वर गेलेला काटा एकदम खाली येतो. शहाण्याला हायसं वाटतं, तो गिअर टाकतो. मूर्खाला मात्र शंका येते, आणि ती रास्त असते. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपून तो नुसत्या वाफेत उघडा पडला, की इंजिन भाजत असताना काटा शांत दिसू शकतो. गाडी बरी व्हायला काही कारण घडलेलं नसताना काटा उतरला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

तिसरा मूर्खपणा वाट बघण्याचा. रेडिएटरचं झाकण हे नुसतं बूच नाही. आतलं पाणी दाबाखाली राहावं म्हणून ते बसवलेलं असतं. अनेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसतो, तो या दाबाचा. सुमारे एक बार दाब असला तर साधं पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत एकशेदहा अंशांचं पाणी न उकळता गप्प उभं असतं, आणि झाकण फिरवलं की दाब उतरतो अन् तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. यात चेहरे, हात, डोळे जातात. मूर्ख वरचा होज पाईप हातात बिनधास्त धरता येईपर्यंत थांबतो. अर्धा तास, पाऊण तास, लागेल तितका. मग जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवतो, सुस्कारा थांबू देतो, मग काढतो. गार पाणी तो तापलेल्या इंजिनात ओतत नाही, कारण तापलेल्या धातूला अचानक गारवा लागला तर हेडला चीर जाऊ शकते. रस्त्यावरच्या मंडळींना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू द्यावा.

इथवर गाडी वाचवण्याचा मूर्खपणा झाला. खरा बहर येतो तो दुसऱ्या दिवशी गॅरेजात.

कऱ्हाडच्या बाजूच्या एका गॅरेजातला संवाद डोळ्यांसमोर आणा. मालक गाडी घेऊन आलेला, घाईत.

'दादा, गाडी कधी गरम होते?' मिस्त्री विचारतो.

'रोजच होते की.'

'रोज नव्हं. कधी? उभी असताना, पळताना, चढाला, का सुरू केल्या केल्या?'

'अहो मिस्त्री, ते तुम्ही बघायचं. मला काय विचारताय?'

'गाडी तुमच्याशी बोलते रोज. माझ्याशी आज पहिल्यांदा बोलणार. सांगा.'

मालकाला हा मिस्त्री कच्चा वाटतो. शेजारच्या गॅरेजवाल्याने तर एका नजरेत हेड सांगितलं होतं! पण या एका प्रश्नात अर्धी दुरुस्ती होऊन जाते. गाडी सिग्नलला, गर्दीत, उभी असताना गरम होत असेल आणि पळायला लागली की काटा उतरत असेल, तर वारा कमी पडतोय. उभ्या गाडीला वारा फक्त पंखा देतो, म्हणून आधी पंख्याकडे बघायचं. उलट उभी असताना ठीक आणि सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगाला गरम, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. मग रेडिएटर चोक असेल, पाणी नीट फिरत नसेल किंवा खालचा होज चिंबत असेल. फक्त चढाला आणि भरलेल्या गाडीला त्रास होत असेल, तर सगळी यंत्रणाच काठावर आलेली असते. थोडा क्षार, थोडा कचरा, थोडा दमलेला पंखा. आणि सुरू करून पाच मिनिटं होतात न होतात तोच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येत असतील, तरच सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असा संशय घ्यायचा. शहाण्याचं हेड गॅसकेट या यादीत शेवटी येतं. मूर्ख त्याला शेवटीच भेटतो.

मूर्खाचा चौथा गुण म्हणजे स्वस्तापासून सुरुवात. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळ हिशेब असा, की साधारण एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणजे घाटात गाडी ओढायला इंजिन जेवढं काम करतं, जवळजवळ तेवढीच उष्णता त्या आठ-दहा लिटर पाण्याच्या पाठीवर असते. एवढा भार सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित अंग म्हणजे झाकण. त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब धरत नाही. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. झाकण निकामी असेल तर आंबेनळीचा घाट चढून गेलेल्या गाडीचं पाणी तिथे आणखी आधी उतू जाणार. या झाकणात एक छोटी उलटी झडपही असते. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं, ती झडप उघडते आणि बाजूच्या बाटलीतून पाणी परत आत ओढलं जातं. ती अडकली की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. आणि बाटलीकडे जाणारी नळी तडकली, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते, बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. शहाण्यांनी इंजिन खोलेपर्यंत हे झाकण जागेवरून कुणी हलवलेलं नसतं.

झाकणानंतर मूर्ख पाण्याचा माग काढतो. पाणी कमी होतं म्हणजे ते कुठेतरी जातंच. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या कडांना, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी कूलंट वाळून पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खपली धरते. टॉर्च लावून, गुडघ्यावर बसून ती शोधावी लागते. पंपाचं ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगात न शिरता तिथून गळून खबर देतं. शहाणे ते एमसीलने बुजवतात आणि काही दिवसांनी बेअरिंगसकट पंप बसतो. डाव्या सीटपुढचं मॅटिंग ओलं आणि आत गोडसर वास येत असेल, तर हीटरचा कोर फुटलेला असतो. कुठेच काही दिसलं नाही तर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून गार इंजिनावर झाकणाच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि सुई उतरते का ते बघत बसायचं. बसायचं हे महत्त्वाचं. शहाण्यांना बसवत नाही.

पाचवा गुण वाऱ्याची काळजी. एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि या दोघांमध्ये बोटभर फट. समोरून बघितलं तर जाळी लख्ख दिसते. वरची पट्टी आणि स्क्रू काढून कंडेन्सर थोडा पुढे ओढला की आतलं खरं चित्र दिसतं. ऊसपट्ट्यातल्या, हंगामभर फडाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत तिथे गोधडीसारखा थर जमलेला असतो. पाचटाची कुसळं, राख, पाखरांचे पंख, कापसाचे तंतू, एखादी गुटख्याची पुडी, वर तेलाचा हात फिरलेला. बोटाने ओढला तर सलग सोलून येतो. ज्या रेडिएटरला नवा घ्यायचा सल्ला मिळालेला असतो, त्याचा जीव या थराखाली गुदमरलेला असतो. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा बंद होतो.

समोर बसवलेल्या लोखंडी बुलबारचंही तेच. २०१७च्या अखेरीला केंद्राने असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं, ते पादचाऱ्यांना आणि गाडीतल्या माणसांना असलेल्या धोक्यामुळे. पण बुलबार, त्यावर चार दिवे, मध्ये मोठी पाटी, एवढं लावल्यावर वाऱ्याची वाटही अडते. शहाण्याच्या गाडीचा रुबाब वाढतो, मूर्खाच्या गाडीला श्वास घेता येतो.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण कुणीतरी काम करताना काढून ठेवलेलं असतं आणि परत लावायचं राहून गेलेलं असतं. ते नसलं की पंखा जाळीतून वारा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. या मोठ्या डिझेल गाड्यांत अनेकदा पंख्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. जाळीतून येणारी हवा तापली की समोरची धातूची पट्टी वाकते, तेल आत सुटतं आणि पंखा जोरात फिरू लागतो. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने ढकलून बघायचा. जड लागला पाहिजे. सोडल्यावर गरगर फिरत राहिला, किंवा मध्यभागी तेलाची काळी चकाकी दिसली, तर क्लच संपला. इंजिन चालू असताना मात्र हात, गमछा, ओढणी, काहीही त्याच्या आसपास नेऊ नये.

आता थर्मोस्टॅट. गॅरेजात याला नुसतं वॉल म्हणतात आणि गाडी गरम झाली की शहाणे पहिला तोच काढून फेकतात. 'आपल्याकडं थंडी कुठं आहे, लागतोय कशाला वॉल?' वॉलचं काम इंजिन लवकर तापवणं आणि मग एका ठरलेल्या तापमानावर ठेवणं हे आहे. तो नसला की इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, काजळी वाढते, सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत वॉल उघडताना त्याची खालची चकती पाण्याची आतली आडवाट बंद करते. वॉलच काढला तर ती वाट कायमची उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी आणखी तापते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मूर्ख काय करतो? वॉल काढतो, चहाच्या टपरीवरून एक पातेलं मागून आणतो, पाणी भरून गॅसवर ठेवतो, वॉल दोरीने मध्ये लोंबकळत सोडतो आणि शेजारी थर्मामीटर धरतो. वॉलच्या कडेवर अंश कोरलेले असतात, बहुतेकदा ब्याऐंशीच्या जवळचे. पितळी नळकांड्यातलं मेण तिथे वितळून फुगू लागतं, दांडी सरकते, चकती हळूहळू उचलली जाते, आणि आणखी दहा-बारा अंशांनी पूर्ण उघडते. उघडली तर वॉल निर्दोष, पुन्हा बसवायचा. न उघडली, अर्धी उघडली, तर नवा आणायचा. पातेलं टपरीवर परत द्यायचं नाही, नवं घेऊन द्यायचं. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.

पाणी फिरतंय का, हे कळायला मूर्खाची एक युक्ती फार सुंदर आहे. इंजिन गरम असताना हीटर लावायचा. काटा वर आणि हीटरची हवा गार, तर गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंपाची पाती गंजून खाल्ली गेली आहेत. पाणी बदलल्यावर हवा अडकणं नेहमीचं आहे. गाडीचं तोंड चढाला लावून, हीटर उघडून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून धीराने पाणी भरावं लागतं. खालचा होज मऊ पडला असेल तर इंजिन उठवल्यावर पंपाच्या ओढीने तो आत दबतो. उभ्या गाडीत कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून, पंख्यापासून लांब राहून, त्याच्याकडे नुसतं बघायचं. बेल्टही तसाच. चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो, आणि घसरणाऱ्या बेल्टावर पंप झोपा काढतो.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सुईएवढ्या भोकाला ती पुढच्या गावापर्यंत तारून नेते, हे खरं. तिथे पोचल्यावर मूर्ख रेडिएटर काढून झाळ मारून घेतो किंवा बदलतो आणि सगळं पाणी धुऊन काढतो. शहाणा म्हणतो, 'चाललंय ना, मग चालू दे.' हळदीचा तो गाळ बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वसुली करतो.

पाण्याचंही तसंच. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. ते वर्षानुवर्षं भरत राहिलं की नळ्यांच्या आत क्षाराचा पापुद्रा धरतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. नव्या गाड्यांतल्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला हा क्षार सोसवत नाही. जुन्या पितळी रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवता येते. ते काम करणारे कारागीर कमी होत चालले आहेत, जिथे असतील तिथे त्यांना धरून ठेवावं. क्षारमुक्त पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, कंपनीने सांगितलेल्या जातीचं, ठरलेल्या मुदतीला बदललेलं, एवढंच पुरतं. दोन जातींचं कूलंट एकत्र करू नये, गाळ होऊ शकतो. काढलेलं कूलंट गटारात किंवा गॅरेजच्या दारात ओतू नये. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

एवढं सगळं करूनही गाडी गरम होत असेल, तर मूर्ख हेडकडे वळतो. पण पुरावा घेऊन. सकाळी गार इंजिन, झाकण उघडं, गाडी सुरू, आणि बुडबुडे सतत येतात का ते बघायचं. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची. जळका गॅस पाण्यात असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर, एखाद्या सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन. यांतलं काही जुळलं तरच हेड उतरवायचं, सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासायचं, वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग करायचं, आणि दाबाखाली चीर बघूनच परत बसवायचं. हेड गॅसकेट खरंच जातं. पण पुष्कळदा ते स्वतःहून जात नाही. झाकण, कचरा, क्लच, बेल्ट यांच्याकडे कुणी बघितलं नाही म्हणून जातं. ते बदललं आणि मूळ कारण तसंच राहिलं, तर नवंही जाणार.

मूर्खाची आणखी एक खोड सांगायलाच हवी. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि त्याच घाटात, तेवढीच माणसं भरून, गाडी परत नेऊन बघतो. शहाणा पंप, वॉल, होज, रेडिएटर, पंखा सगळं एकदम बदलतो. गाडी बरी झाली तर कशाने झाली हे त्याला कधीच कळत नाही, आणि नाही झाली तर बदलायला काही उरत नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

घाट चढण्याचंही एक मूर्खपण आहे. शहाणा डिझेल वाचवायला वरच्या गिअरात गाडी रेटतो, इंजिन गुरगुरत राहतं. मूर्ख खालचा गिअर टाकून इंजिन मोकळं फिरवतो. आवाज होतो, मागचे हसतात, पण पंप आणि बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. फेरे वाढले की पाणीही जोरात फिरतं आणि वाराही. मे महिन्यात, चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, हा फरक जीवावरचा ठरतो.

हा मूर्खपणा मोटारीइतकाच जुना आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मॅनहाइमहून फोर्टझाइमला निघाली. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत जिथे मिळेल तिथे ती पाणी भरत गेली. कुणालाही ते वेड वाटलं असतं. पण मोटारीने लांबचा प्रवास होतो हे जगाला त्या वेडाने दाखवून दिलं. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर विल्हेल्म मायबाखने त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आणला. त्याआधी मोटार चालली ती वारंवार थांबून पाणी बघणाऱ्यांच्या जिवावर.

हा मूर्खपणा आता गॅरेजांतून नाहीसा होतो आहे, आणि याला जबाबदार आपण, गाडीमालक आहोत. बिलात पार्टचे पैसे आपण निमूट देतो, मजुरीवर घासाघीस करतो, आणि तासभर टॉर्च लावून गुडघ्यावर बसलेल्या मिस्त्रीला म्हणतो, 'तुम्ही तर काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?' मग त्याने तरी बघत का बसावं? पार्ट बदलला की पैसे मिळतात हे त्यालाही कळतं आणि उद्यापासून तोही शहाणा होतो. तेव्हा गाडी घेऊन जाल तेव्हा ती कधी, कुठे, किती वेळाने गरम होते हे लिहून न्या. मिस्त्रीने झाकणापासून सुरुवात केली तर त्याला हसू नका. आणि त्याने अखेर काहीही न बदलता, जाळीतला कचरा काढून आणि एक क्लिप आवळून गाडी बरी करून दिली, तर नव्या पार्टच्या किमतीइतकी मजुरी त्याच्या हातावर ठेवा. बघण्याची मजुरी मिळाली, तरच बघणारे टिकतील.